एका 'दी'ने अडवलेली वंशावळ : वर्षभराच्या वर्गणीचा अनुभव

वंशावळ शोधायच्या एका साइटची मी वर्गणीदार. परवा न विचारता कार्डावरून तिची पुढच्या वर्षाची वर्गणी कापली गेली. तीन फोन आणि सव्वा तास होल्डवर काढल्यावर पैसे परत मिळाले. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

माझं सासर मॅसॅच्युसेट्सचं, आडनाव ग्रीनवुड. नवऱ्याचे पणजोबा क्वेबेकहून, म्हणजे कॅनडातल्या फ्रेंचभाषक प्रांतातून, तिथल्या लॉवेल शहरातल्या कापड गिरणीत आले आणि घरात फ्रेंच बोलायचे, एवढंच सगळ्यांना ठाऊक. मुलीसाठी मूळ शोधायचं म्हणून वर्गणी भरली. मूळ आडनाव बुआव्हेर, म्हणजे हिरवं रान. अमेरिकेत आल्यावर त्याचं सरळ इंग्रजी भाषांतर झालं. रुआचे किंग झाले, लब्लांचे व्हाइट, तसंच.

इथवर साइट झकास चालली. अमेरिकी जनगणनेची पानं मिनिटात समोर. पण क्वेबेकमध्ये मागे जाताना एका पिढीवर बुआव्हेर संपलेच. चार महिने मी त्याच भिंतीसमोर उभी होते.

कारण 'दी'. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ 'म्हणजेच' किंवा 'ऊर्फ'. १६६५ साली फ्रान्सहून तिकडे आलेल्या कारिन्याँ-सालिएर पलटणीतल्या शिपायांना लष्करी टोपणनावं असत: लाफ्लर, लाजनेस, सान्सूसी. कुणाला गावावरून, कुणाला शेतावरून दुसरं नाव पडे. पुढे पोरं दोन्ही नावं लावत, आणि एकोणिसाव्या शतकात कुणी पहिलं टाकलं, कुणी दुसरं. आपल्याकडे मूळ आडनाव मागे पडून कुलकर्णी, देशमुख उरलं, त्यातलाच प्रकार. आमचे बुआव्हेर आधी 'डनेव्हेर दी बुआव्हेर' होते.

आणि या साइटच्या शोधचौकटीला 'दी' कळतच नाही! ते मधलं नाव समजते. मी दोन्ही नावं जोडून टाकली, तोडून टाकली, उलटी टाकली. फ्रेंच कॅनडाच्या नोंदी विकता आणि तिथल्या आडनावांची ही साधी रीत तुमच्या यंत्राला शिकवत नाही? मदतकेंद्राने तीनदा उत्तर दिलं: 'स्पेलिंग तपासा.'

तेव्हा एकच तारा देणार होते. मग यंत्राचा नाद सोडून चर्चच्या वहीची पानं एकेक बघायला लागले आणि मत बदललं. लग्नाच्या नोंदीत वर-वधूच्या आईवडिलांची नावं असतात, आणि आई तिच्या माहेरच्या आडनावाने असते. एका भावाच्या लग्नात पाद्रीबाबांनी डनेव्हेर लिहिलं होतं, दुसऱ्याच्या बुआव्हेर. आई तीच. शाई मागच्या पानावरून फुटलेली, खाली 'सही करता येत नाही असे सांगितले'. रात्री दीड वाजता नवऱ्याला उठवलं.

तिथे बाई बाप्तिस्म्यापासून दफनापर्यंत जन्मनावानेच नोंदलेली सापडते. १९८१पासून क्वेबेकमध्ये कायदाही तसाच आहे. माझ्या आजीचं नाव लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने लिहून बदललं, आडनाव तर गेलंच. सातबाऱ्यावर फक्त नवं नाव. तीनशे वर्षांपूर्वीच्या परक्या बायका मला नावासकट सापडतात आणि आजी सापडत नाही, याने फार वाईट वाटलं.

आता पैशाचं. हीच क्वेबेकच्या वह्यांची पानं फॅमिलीसर्च या वंशावळीच्या दुसऱ्या साइटवर फुकट दिसतात. खातं उघडायचं आणि पानं उलटायची चिकाटी ठेवायची. हे आधी माहीत असतं तर वर्षाची वर्गणी भरलीच नसती. अमेरिकेतली बाजू शोधायला एक महिना घ्या, सगळं उतरवून ठेवा आणि त्याच दिवशी आपोआप नूतनीकरण बंद करा.

परत आलेल्या पैशांतले थोडे मॉन्ट्रियल विद्यापीठाच्या पीआरडीएच या नोंदसंग्रहात घातलेत. तिथे नावांची वेगवेगळी रूपं एका प्रमाण रूपाखाली आणली आहेत. १६६३ ते १६७३मध्ये फ्रान्सच्या राजाच्या खर्चाने सुमारे ७७० मुली तिकडे लग्नासाठी धाडल्या गेल्या. माझ्या लेकीच्या आज्या-पणज्यांमध्ये त्यांतली कुणी आहे का, ते आता आईकडून आईकडे मागे जात बघतेय. सात पिढ्या झाल्यात.