‘पांढऱ्या रेशनकार्डावर होत नाही’ असं सांगून पैसे मागणाऱ्यांपासून सावध राहा

ठाण्यात मोठ्या हॉस्पिटलांच्या बाहेर काही माणसं गळ्यात ओळखपत्र अडकवून उभी असतात. ‘महात्मा फुले योजनेत’, म्हणजे राज्य सरकारच्या मोफत उपचारांच्या योजनेत, ‘बसवून देतो’ म्हणतात आणि पैसे घेतात. अशाच एकाने माझ्याकडून ३५,५०० रुपये नेले. मुलीच्या हृदयाच्या ऑपरेशनसाठी जमवलेले पैसे होते ते. ज्यांच्या घरात आत्ता कुणी आजारी आहे त्यांनी तरी हे शेवटपर्यंत वाचा.

मी वागळे इस्टेटमध्ये ठेकेदाराकडे कामाला आहे. पगार २१ हजारांच्या वर गेला आणि ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, सुटली. मेडिक्लेम ठेकेदाराने कधी काढला नाही, आणि स्वतः काढायचा तर घरभाडं आणि शाळेच्या खर्चातून हप्ता उरत नव्हता. त्यात मुलीला जिना चढताना धाप लागायला लागली. सात वर्षांची पोर, दोन मजले चढली की भिंतीला टेकून उभी राहायची. टूडी एकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाच्या पडद्याला छिद्र निघालं. खासगी हॉस्पिटलने साडेतीन लाखांचं एस्टिमेट हातात दिलं.

तो कागद घेऊन बाहेर आलो तिथेच हा माणूस भेटला. स्वच्छ शर्ट, हातात फाइल, ओळखपत्रावर ‘रुग्णमित्र’. आवाज एकदम मऊ. "दादा, टेन्शन घेऊ नका. महात्मा फुले योजनेत फुकट होईल. रेशनकार्ड कोणतं आहे?" पांढरं म्हटल्यावर त्याने मान हलवली. "पांढऱ्यावर होत नाही. केशरी करून घ्यावं लागेल, मग मंजुरी. माझी आत ओळख आहे."

आधी फाइलचे ३,५०० घेतले. मग कार्ड बदलायचे १२,०००. शेवटी ‘समितीची फी’ म्हणून २०,०००. आधारची झेरॉक्स घेतली आणि फोनवर आलेला ओटीपीही विचारून घेतला. काही दिवसांनी व्हॉट्सॲपवर पत्र आलं. त्यावर योजनेचं चिन्ह, गोल शिक्का, मुलीचं नाव, मंजुरी क्रमांक आणि दुसऱ्या एका हॉस्पिटलचं नाव, जे खरोखर योजनेत आहे. वर एक ताकीद दिली: "तारखेच्या आधी काउंटरवर विचारायला जाऊ नका, तिथले लोक फाइल अडकवतात." सगळा डाव या एका वाक्यावर उभा असतो. काउंटरवर विचारलं की दोन मिनिटांत खोटं उघडं पडतं, म्हणून तेवढे दिवस माणसाला तिथून लांब ठेवायचं.

दिलेल्या तारखेला आम्ही मुलीला घेऊन गेलो. काउंटरवर आरोग्यमित्र, म्हणजे योजनेने हॉस्पिटलमध्ये बसवलेल्या मदतनीस, ताई होत्या. त्यांनी क्रमांक टाकून पाहिला. तशी कुठलीही केस नव्हती. बायको तिथेच रडायला लागली. त्या ताईंनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं आणि जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो, कारण हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर पैसे गेले नसते.

मंजुरी बाहेरून कुणालाच आणता येत नाही. योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचं काउंटर असतं. तिथे रुग्णाची नोंद होते, तिथले डॉक्टर तपासतात, आणि मंजुरीसाठी कागद हॉस्पिटलच ऑनलाइन पाठवतं. त्यासाठी एक रुपयाही भरायचा नसतो. आणि पांढरं कार्ड चालतं! २०२३ च्या जुलैत शासन निर्णय निघाला. त्याने योजना पिवळ्या, केशरी, पांढऱ्या अशा सगळ्या रेशनकार्डधारकांना खुली केली आणि मर्यादा कुटुंबामागे वर्षाला ५ लाख केली. लोकांच्या डोक्यात अजून जुना नियम आहे, त्यावर हे लोक जगतात. तुमचा आजार योजनेत बसतो का, कोणत्या हॉस्पिटलमध्ये होईल, हे १५५३८८ या नंबरवर फुकट विचारता येतं.

आमची नोंद त्याच दिवशी त्याच पांढऱ्या कार्डावर झाली. ऑपरेशन झालं, मुलगी आता शाळेत जाते. हॉस्पिटलला आम्ही काही दिलं नाही.

लहान मुलांच्या हृदयासाठी आणखीही वाटा आहेत. खारघरचं श्री सत्य साई संजीवनी हॉस्पिटल मुलांची हृदयाची ऑपरेशनं पूर्ण मोफत करतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत मुलं तपासतं, छिद्र सापडलं तर पुढचे उपचार तेच मिळवून देतात. तपासणीच्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.

हीच टोळी ‘धर्मादाय कोट्यातला बेड’ही विकते, असं पोलीस ठाण्यात भेटलेल्या एका गृहस्थांनी सांगितलं. त्यांच्या वडिलांसाठी त्यांनी पैसे भरले होते. धर्मादाय, म्हणजे ट्रस्टच्या, हॉस्पिटलला १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्याच लागतात. उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड घेऊन थेट तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा. नकार मिळाला तर धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार करता येते. खरे रुग्णमित्रही ठाणे शहरात आहेत. पदरचं पेट्रोल जाळून ते लोकांसाठी धावतात. ते पैसे मागत नाहीत आणि तुमच्याबरोबर काउंटरपर्यंत येतात.

पैसे ऑनलाइन गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, मग पोलीस ठाण्यात जा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम खात्यात गोठण्याची शक्यता जास्त. मी उशिरा कळवलं, तोवर खातं रिकामं झालं होतं आणि ते खातंही कुणा तिसऱ्याच माणसाच्या नावावर निघालं. ओटीपी दिला असेल तर आधारच्या अधिकृत ॲपवरून बायोमेट्रिक लॉक करा. बनावट पत्र, चॅट, पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट यांतलं काही डिलीट करू नका. ठाणे शहरात कुणी असेच पैसे दिले असतील तर रक्कम दोन हजार असली तरी तक्रार लिहून द्या. माझी तक्रार नोंदवून घेणारे हवालदार म्हणाले, एकाच खात्यावर चार तक्रारी आल्या की तपास हलतो.