स्टीम, एपिक, जीओजी: पीसी गेम कुठून घ्यावा आणि रिफंड कसा वाचवावा

स्टीम, एपिक आणि जीओजी ही पीसी गेम विकणारी ऑनलाइन दुकानं आहेत. पीसीसाठी गेम विकत घ्यायचा तर पैसे स्टीमवर खर्चावेत, फुकटचे गेम एपिकवरून उचलावेत आणि दहा वर्षांनीही खेळावासा वाटेल असा गेम जीओजीवर घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. डिस्काउंट आता तिन्हीकडे मिळतो. स्टीमला पहिला नंबर देतो तो रिफंडसाठी.

नियम साधा आहे. खरेदीला १४ दिवस झालेले नसावेत आणि खेळण्याचा वेळ २ तासांच्या आत असावा. जून २०१५ पासून हे सुरू आहे आणि कारण कोणतंही चालतं: लॅपटॉपवर गेम अडकतो, आवडला नाही, चुकून घेतला गेला. हेल्प मेनूतून स्टीम सपोर्ट उघडा, तुमच्या खरेदीतून तो गेम निवडा, रिफंड मागा आणि पैसे मूळ मार्गाने हवेत की स्टीम वॉलेटमध्ये, म्हणजे स्टीमवरच्या तुमच्या खात्यात, ते सांगा. मंजुरीनंतर साधारण आठवड्याभरात पैसे येतात. मूळ मार्गाने परत पाठवणं शक्य नसेल तर ते वॉलेटमध्ये जमा होतात, आणि वॉलेटमधले पैसे बँकेत काढता येत नाहीत. म्हणून वॉलेटमध्ये आधीच मोठी रक्कम भरून ठेवू नका. गेमपुरते पैसे खरेदीच्या वेळीच यूपीआयने किंवा कार्डाने भरा.

लोक फसतात ते २ तासांच्या हिशेबात. स्टीमवरून होणारं डाउनलोड या वेळात धरलं जात नाही, पण प्ले दाबल्यापासून पुढचं सगळं धरलं जातं: लाँचर (गेमआधी उघडणारा प्रोग्राम), मेनू, सेटिंग, पॉज करून जेवायला गेलात तो वेळसुद्धा. मार्च २०२३ मध्ये पीसीवर आलेल्या 'द लास्ट ऑफ अस पार्ट १'मध्ये सुरुवातीलाच शेडर (ग्राफिक्स कार्डासाठी गेम तयार करून ठेवतो ते छोटे प्रोग्राम) तयार व्हायला इतका वेळ लागत होता की बऱ्याच जणांचा रिफंडचा वेळ मेनूवर बसूनच संपत आला. 'मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर'ची २०२० ची आवृत्ती तर बहुतेक सगळा डेटा गेम उघडल्यावर, आतल्या आत डाउनलोड करायची. म्हणजे नेट संथ असेल तर विमान धावपट्टीवर येण्याआधीच २ तास खलास. यावर उपाय असा: शेडर तयार होऊन झाले की लायब्ररीत गेमच्या पानावर वेळ किती झाला ते बघा, ग्राफिक्स मीडियमला ठेवा, कथेच्या मागे न लागता गर्दीचा किंवा मोकळ्या जगाचा, म्हणजे लॅपटॉपवर ताण येणारा, भाग लवकर गाठा, आणि दीड तासाला निर्णय घ्या. महागडी आवृत्ती घेऊन रिलीजच्या चार दिवस आधी खेळलात, तर एप्रिल २०२४ पासून तो वेळही याच २ तासांत मोजतात.

सेलबद्दल. स्टीमवर रुपयांत किंमती २०१५ च्या नोव्हेंबरपासून आहेत. मोठे सेल चार ऋतूंचे, त्यातले जूनअखेरचा समर आणि डिसेंबरअखेरचा विंटर हे सगळ्यात भरगच्च. काही तासांच्या फ्लॅश डील केव्हाच बंद झाल्या. सेलच्या पहिल्या दिवशीची किंमत सहसा शेवटपर्यंत तीच राहते, त्यामुळे रोज डोकावण्यात अर्थ नाही. 'स्टीमडीबी' या किमतींचा इतिहास ठेवणाऱ्या साइटवर गेमचं नाव टाकून भारतीय रुपयांतली आजवरची सर्वांत कमी किंमत बघा. आजची किंमत तिच्या आसपास नसेल तर थांबा. विशलिस्टमध्ये टाकलेल्या गेमवर २० टक्के किंवा जास्त सूट लागली की मेल येतो. आणि गेम पूर्ण किमतीला घेतल्यावर लगेच सेल लागलाच, तर रिफंड घेऊन सेलच्या भावात पुन्हा घ्यायला स्टीमची उघड परवानगी आहे, १४ दिवस आणि २ तासांची अट सांभाळून. इतकी प्रामाणिक सोय फार कमी दुकानांत मिळते.

प्री-ऑर्डर, म्हणजे रिलीजआधीच खरेदी, करू नका. डिजिटल माल संपत नाही. 'सायबरपंक २०७७' डिसेंबर २०२० मध्ये आला तो इतका बिघाडांनी भरलेला की आठवडा उलटताच सोनीने तो प्लेस्टेशन स्टोअरवरून काढला. परत आला तो जून २०२१ मध्ये. गेम आज उत्तम आहे, पण पहिल्या दिवशी पूर्ण पैसे मोजणाऱ्यांना तो तसा मिळाला नाही. उलट 'हॉलो नाइट: सिल्कसाँग'ला प्री-ऑर्डर नव्हतीच, आणि ४ सप्टेंबर २०२५ ला आपल्याकडच्या संध्याकाळी साडेसातला तो आला तेव्हा गर्दीने स्टीमचं चेकआउटच कोलमडलं.

डाउनलोडचं गणित आधीच मांडा. 'बाल्डर्स गेट ३'ला १५० जीबी जागा लागते. १०० एमबीपीएसच्या लाइनवर सेकंदाला साडेबारा मेगाबाइट धरले तर एवढा डेटा यायला सव्वातीन तासांहून जास्त. डाउनलोड सेटिंगमध्ये रीजन मुंबई ठेवा. डाउनलोड पानावरच्या आलेखात नेटवर्क शून्य आणि डिस्क चालू दिसली तर नेटला दोष देऊ नका. स्टीम फाइली उलगडत असतं आणि जुन्या हार्ड डिस्कवर त्याला वेळ लागतो. पॅच, म्हणजे गेमची दुरुस्ती, २ जीबीचा असला तरी मोठ्या फाइली नव्याने लिहाव्या लागतात, म्हणून ड्राइव्हवर ५० जीबी तरी मोकळे ठेवा.

एपिकचं थोडक्यात: दर गुरुवारी फुकट गेम बदलतो, आपल्या वेळेनुसार उन्हाळ्यात रात्री साडेआठला, हिवाळ्यात साडेनऊला. एकदा घेतला की कायमचा तुमचा. मे २०२० मध्ये 'जीटीए ५'सुद्धा असाच वाटला होता. रिफंड इथेही १४ दिवस आणि २ तासच, पण खेळाडूंनी लिहिलेली परीक्षणं तिथे नाहीत, त्यामुळे घेण्याआधी स्टीमवरची वाचावीच लागतात.

जीओजीवर डीआरएम (गेम दुकानाच्या खात्याशी बांधणारं कॉपी-बंदीचं कुलूप) नाही, आणि खेळून झाल्यावरही तांत्रिक अडचण सुटली नाही तर ३० दिवसांत रिफंड मिळतो. अडचण किमतीची: भारतातून डॉलरमध्ये पैसे भरावे लागतात. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करून घ्या आणि बँकेचं परकीय चलन शुल्क व त्यावरचा जीएसटी धरूनच स्टीमशी तुलना करा. घेतल्यावर ऑफलाइन इन्स्टॉलर (नेटशिवाय गेम इन्स्टॉल करणाऱ्या फाइली) उतरवायला विसरू नका, जीओजी घेण्याचं कारणच ते आहे. मोठ्या गेमची एक सेटअप फाइल आणि प्रत्येकी ४ जीबीपर्यंतच्या बऱ्याच बिन (.bin) फाइली असतात. सगळ्या एकाच फोल्डरमध्ये लागतात, एक जरी राहिली तरी इन्स्टॉल मध्येच थांबतं. शिवाय या फाइली आपोआप अपडेट होत नाहीत. मोठा पॅच आला की नवा संच उतरवा, तो नीट चालतोय याची खात्री करा आणि मगच जुना पुसा.