फायनल फँटसी टॅक्टिक्स: इतक्या वर्षांनी परत हातात घेतला, आता कुठे हिशोब कळून राहिला

फायनल फँटसी टॅक्टिक्स म्हणजे नकाशावरच्या घरांवर आपली टीम हलवून लढायचा व्हिडिओ गेम. रायोव्हेन्सच्या किल्ल्यात विग्राफ या शत्रूसमोर ज्याचा रामझा, म्हणजे गेमचा नायक, मेला आहे त्याला मी काय म्हणून राहिलो ते लगेच कळेल. आम्ही तेव्हा प्रतापनगरला राहायचो, आत्तेभावाचं जुनं प्लेस्टेशन आमच्याकडे आलं आणि त्यासोबत ही डिस्क. किल्ल्याच्या दारावरची लढाई जिंकली, गेमनं विचारलं सेव्ह करायचं का, मी हो म्हटलं, आणि तिथंच अडकलो. पुढची फाइट एकट्या रामझाची, मधे नकाशावर जाऊन लेव्हल वाढवायची सोय नाही आणि मेमरी कार्डावर दुसरी सेव्ह नाही. दादा नुसता म्हणे, दुसरी सेव्ह काहून नाही ठेवली बे. परत पहिल्यापासून सुरू करायची हिंमत काही झाली नाही.

मूळ गेम १९९७ चा, यासुमी मात्सुनोचा. २००७ मध्ये पीएसपीवर (हातात धरायचं प्लेस्टेशन) त्याचाच वाढीव गेम वॉर ऑफ द लायन्स आला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये नव्यानं केलेला द इव्हालिस क्रॉनिकल्स. हा मी दिवाळीच्या सुट्टीत पीसीवर घेतला आणि रात्री सगळे झोपले की खेळून राहिलो.

खरी मजा आकड्यात आहे आणि गेम ते आकडे नीट शिकवतच नाही. बघा, इथं माझी पाळी मग तुझी पाळी असं नसतं, प्रत्येकाचा सीटी म्हणजे चार्ज टाइम असतो, दर टिकला (गेमच्या घड्याळाचा एक ठोका) त्यात तुमचा स्पीड मिळवला जातो आणि १०० झाले की टर्न. स्पीड १० वाल्याला १० टिक लागतात, ८ वाल्याला १३. आणि टर्नमध्ये चाललो पण आणि वार पण केला तर सीटी पार शून्यावर, दोन्हीतलं एकच केलं तर २० शिल्लक, काहीच नाही केलं तर ४०. म्हणजे गप उभं राहणं हीसुद्धा चाल आहे! लहानपणी मी दर टर्नला सगळ्यांना पुढं पळवायचो आणि मग समोरचे दोनदोनदा कसे मारून राहिले ते समजायचं नाही. मंत्रांचं पण तसंच, साधा फायर पडायला ४ टिक, मोठे मंत्र अजून हळू, तेवढ्यात ज्या घरावर नेम धरला तिथून तो माणूस निघून गेला की मंत्र रिकाम्या जागेवर.

मग फेथ, म्हणजे मंत्रांवरच्या श्रद्धेचा आकडा. मंत्र मारणाऱ्याचा फेथ आणि ज्याच्यावर पडतो त्याचा फेथ यांचा गुणाकार होतो, दोघांचा ७० असेल तर जोर ४९ टक्के, समोरच्याचा ४० असेल तर २८. आता वाटेल की आपल्या माणसाचा फेथ कमीच बरा, पण क्युअर हा बरं करायचा मंत्र पण त्याच हिशोबानं लागतो भाऊ, मग आपलाच जखमी बरा होत नाही. ही देवाणघेवाण मला फार आवडते, सोपं उत्तरच नाही. वरून राशी आहेत, जमणारी रास असली तर मार पंचवीस टक्के जास्त, नाही जमली तर तेवढाच कमी, आपल्याकडं पत्रिका जुळवतात तसं टीम निवडताना बघावं लागतं.

आणि अरिथमेटिशियन, म्हणजे गणिती! हा जॉब (गेममधला पेशा) मी तेव्हा उघडलाच नव्हता. लेव्हल, अनुभव, सीटी किंवा उंची यातलं एक निवडायचं, मग ३, ४, ५ ची पट किंवा मूळ संख्या, आणि ज्यांचा आकडा बसतो त्या सगळ्यांवर मंत्र एकदम, थांबणं नाही, एमपी (मंत्रांची शक्ती) खर्च नाही. आपल्याही माणसांवर पडतो म्हणून त्यांच्या लेव्हल सांभाळायच्या. मी वहीत सगळ्यांचे आकडे लिहून ठेवले आहेत. स्वतः हा जॉब घेऊन फिरलं तर फार हळू आहे, म्हणून कला शिकून घ्यायची आणि जॉब दुसरा ठेवायचा.

नवीन आवृत्तीत कोणाचा टर्न कधी ते बाजूला दिसतं, ऑटोसेव्ह आहे, संवादांना आवाज दिलेत, ही कामाची भर. पण पीएसपीवाले जास्तीचे जॉब, डार्क नाइट वगैरे, यात नाहीत आणि ते मला खटकलं, पैसे देऊन परत घेणाऱ्याला ते मिळायला पाहिजे होते. दुसरी तक्रार जुनीच, सिड हा तगडा तलवारबाज टीममध्ये आला की बाकीच्यांची गरजच उरत नाही, एवढं जमवलेलं गणित बाजूला पडतं, मी तर त्याला बसवूनच ठेवतो.

गोष्टीबद्दल जास्त सांगत नाही, रामझाचा मित्र डेलिटा याच्या बहिणीचं काय होतं ते पाहून तेव्हाही गळा दाटला होता आणि आताही दाटला.

विग्राफ या वेळी दुसऱ्या प्रयत्नात पडला. टेलविंड या रामझाच्या कलेनं आधी स्पीड वाढवत गेलो, ऑटो पोशन, म्हणजे मार बसला की आपोआप औषध, लावून ठेवलं (ते ब्रेव्हरी म्हणजे धाडसाचा आकडा जितका तितके टक्के चालतं, म्हणून ब्रेव्हरी आधीच वाढवली होती), आणि त्याच्या एका टर्नमध्ये माझे दोन व्हायला लागले तसा हात उचलला. दादाला रात्री साडेबाराला फोटो पाठवला.

घेणार असाल तर डिफिकल्टी नाइटवर (Knight, मधली) ठेवा, डॉर्टर शहरात जायच्या आधी दोघातिघांना केमिस्ट करून फिनिक्स डाउन (पडलेल्याला उठवायचं औषध) शिकवून घ्या, पडलेल्या माणसाच्या डोक्यावरची तीनपासूनची उलटी मोजणी संपली की तो कायमचा जातो. आणि रायोव्हेन्सच्या किल्ल्यात शिरताना वेगळी सेव्ह ठेवाच.