990 ग्रॅमचा लॅपटॉप आणि एप्रिलमधलं अकोला

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एक किलोच्या आतबाहेर असलेल्या बहुतेक विंडोज लॅपटॉपना हे थोड्याफार फरकाने लागू पडेल. माझा 14 इंची, मॅग्नेशियम मिश्रधातूच्या बॉडीचा, 16 जीबी रॅमचा. वजन 990 ग्रॅम. काम सीएचं, त्यामुळे मार्च संपला की बँकेच्या शाखांचं ऑडिट: आज अकोला, परवा मूर्तिजापूर, मग कारंजा. एसटीने, पॅसेंजरने, कधी कुणाच्या तरी गाडीवर मागे बसून. आधीचा लॅपटॉप सव्वादोन किलोचा होता, चार्जर वेगळा.

वजनाचं कौतुक आधी करतो, कारण ते खरं आहे. खांदा दुखायचा थांबला हे झालंच, पण सवयही बदलली. पूर्वी क्लायंटकडे नुसतं बोलायला जायचं असेल तर लॅपटॉप घरी राहायचा आणि नेमका तिथे लेजर बघायची वेळ यायची. आता तो पिशवीत असतोच. शाखेत टेबलावर व्हाउचरचे गठ्ठे असतात, जागा मिळत नाही. मग डाव्या हातावर लॅपटॉप धरून उभ्याउभ्या एखादं कर्जखातं तपासता येतं. 65 वॉटचा टाइप-सी चार्जर फोनलाही चालतो. एवढं सुख पूर्वी नव्हतं.

आता पोर्ट. माझ्याला दोन टाइप-सी आहेत आणि हेडफोनचं भोक. डीएससीचं (डिजिटल सहीचं) टोकन मात्र अजून जुन्या चौकोनी यूएसबीचंच. टॅक्स ऑडिटचा रिपोर्ट पोर्टलवर चढवायचा तर ते टोकन लागणारच, म्हणजे हब, टाइप-सीला जोडून जुनं यूएसबी देणारा डबा, आलाच. हब केबलला लोंबकळत राहतो, जरा धक्का लागला की टोकन सुटतं आणि सही अर्धवट राहते. 2008 साली स्टीव्ह जॉब्सनी पाकिटातून पहिला मॅकबुक एअर काढून दाखवला, त्यालाही यूएसबी पोर्ट एकच होतं. म्हणजे हे दुखणं जुनंच आहे, फक्त लोकांनी ते चालवून घेतलं.

त्याहून मोठी अडचण नंबरपॅडची, म्हणजे कीबोर्डच्या उजवीकडच्या आकड्यांच्या वेगळ्या बटणांची; ती यात नाहीतच. जाहिरातीत ती कुणी सांगत नाही, कारण जाहिरात बघणारे बहुतेक लोक दिवसभर आकडे मारत नाहीत. ट्रायल बॅलन्स भरताना उजवा हात आपोआप उजवीकडे जातो आणि टेबलावर आपटतो. वरच्या ओळीतल्या आकड्यांनी वेग निम्मा होतो आणि चुका वाढतात. शेवटी ब्लूटूथ नंबरपॅड घेतला. हब, नंबरपॅड आणि माउस स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकत्र ठेवले तर 300 ग्रॅमच्या आसपास भरले. चार्जर धरून पिशवी दीड किलोची. (एलजी ग्रॅमच्या 16 इंची मॉडेलमध्ये नंबरपॅड असतो आणि वजन 1.2 किलोच्या आसपास. आकडेवाल्यांनी तिकडे जरूर बघावं.)

खरी परीक्षा उन्हाळ्यात झाली. एप्रिलच्या दुपारी लाइट गेलेली, इन्व्हर्टरवर फक्त ट्यूबलाइट, आणि माझ्यासमोर कर्जखात्यांची लाखभर ओळींची एक्सेल. पहिली काही मिनिटं मशीन धावतं. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरच्या वेगाचा आकडा 4 गिगाहर्ट्झच्या वर दिसतो. मग तळ तापतो, पंखा कानाशी डास आल्यासारखा किणकिणायला लागतो, आणि आकडा 2 च्या खाली येतो. तीच फाइल जानेवारीत ऑफिसात एवढी अडत नाही. प्रोसेसर थोडा वेळ जास्त वीज ओढून धावेल अशी रचना मुळातच असते; पुढे किती वेग टिकेल ते उष्णता बाहेर किती लवकर जाते यावर ठरतं. पातळ बॉडीत पंखा लहान, तांब्याची नळी चपटी, हवेला वाट अरुंद. त्यात खोलीच 40 अंशांवर! बऱ्याच लॅपटॉपच्या माहितीपत्रकात वापराची मर्यादा 35 अंश दिलेली असते, हे आपल्या विदर्भात कुणी वाचत नसावं. मी शाखेतलेच दोन स्टॅम्प पॅड मागच्या कडेखाली ठेवतो. तळाला हवा मिळते आणि वेग थोडा सावरतो. एलएफएआर, म्हणजे शाखेच्या ऑडिटचा सविस्तर अहवाल, तसाच पूर्ण केला.

बॅटरीबद्दल थोडक्यात. डब्यावर व्हिडिओचे तास छापलेले असतात. एक्सेल, टॅली आणि हॉटस्पॉट यांवर अर्धा दिवस धरा. 20,000 एमएएचची पॉवर बँक म्हणजे साधारण 74 वॉट-अवर, विमानाच्या 100 च्या मर्यादेत बसते. पण ती टाइप-सीवर 45 वॉट तरी देणारी हवी, नाहीतर नुसता फोन चार्ज होईल.

रॅम मात्र विकत घेण्याच्या दिवशीच ठरते. अशा पातळ लॅपटॉपमधली कमी वीज खाणारी एलपीडीडीआर रॅम बोर्डावर सोल्डर केलेली असते, कारण ती प्रोसेसरच्या अगदी जवळ लागते आणि स्लॉट दिला की जाडी वाढते. एलपीकॅम2 नावाची काढता येणारी रॅम 2024 पासून काही महागड्या मॉडेलमध्ये दिसते, आपल्या बजेटात नाही. म्हणून 8 जीबीवाला कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. एसएसडी माझ्यात बदलता येते, तेवढं बरं. बॉडी कोपऱ्याला दाबली की किंचित वाकते, पण ते मॅग्नेशियमचं अंगच आहे, त्याची भीती गेली.

मी हा ठेवणार आहे. आर्टिकलशिपच्या, म्हणजे सीएच्या हाताखाली काम शिकणाऱ्या मुलांना मात्र मी 1.3 ते 1.4 किलोचा, एचडीएमआय आणि जुनं यूएसबी असलेला घ्यायला सांगतो. त्यांना फाइल्सचे गठ्ठेही उचलायचे असतात, 400 ग्रॅमने काही बिघडत नाही, आणि हब हरवायची धास्ती नको. दुकानात जाताना डीएससीचं टोकन खिशात ठेवा आणि तिथेच लावून बघा. दुकानदाराने हब फुकट दिला तरी वजनात धरा.