लेखी शेरा, आवाज की स्क्रीन रेकॉर्डिंग? ऑनलाइन विद्यार्थ्यांच्या कामावर अभिप्राय देताना काय निवडावं

ऑनलाइन वर्गात शेरा वाचणाऱ्याचा चेहरा दिसत नाही. विद्यार्थी गोंधळला, हिरमुसला की त्याने शेरा उघडलाच नाही, काही कळायला मार्ग नसतो. म्हणून साधन ठरवण्याआधी एक गोष्ट पक्की करा: अभिप्राय मिळाल्यावर विद्यार्थी त्याच कामावर पुन्हा हात फिरवणार आहे का? नसेल, तर पुढच्या कुठल्याही पद्धतीत घातलेला बराचसा वेळ वाया जातो. शेवटच्या सबमिशनवर दोन पानं लिहिण्यापेक्षा पहिल्या मसुद्यावर चार ओळी लिहिलेल्या बऱ्या.

लेखी शेरा आणि आवाज

लेखी शेऱ्याचं बळ म्हणजे नेमकी जागा दाखवता येते. गूगल डॉक्समध्ये वाक्य निवडून त्यावरच कॉमेंट टाकता येते आणि विद्यार्थी ती हवी तेव्हा पुन्हा वाचू शकतो. गणिताच्या पायऱ्या, संदर्भांची मांडणी, वाक्यरचना यांसाठी हीच पद्धत घ्यावी. ती फसते ती त्रोटकपणामुळे. ‘मुद्दा स्पष्ट नाही’ एवढंच लिहिलं तर काय बदलायचं ते कळत नाही. त्याऐवजी असं लिहून पाहा: ‘दुसऱ्या परिच्छेदात पाणीटंचाईचं कारण कमी पाऊस असं म्हटलं आहे, पण सोबतचा तक्ता भूजल उपशाचा आहे. त्यामुळे दाव्याला आधार मिळत नाही. एकतर पावसाचे आकडे द्या, नाहीतर दावा उपशापुरता ठेवा.’ यात अडचण कुठे आहे, काय आहे, का आहे आणि पुढे काय करायचं, हे चारही आलं.

एका कामावर असे मोठे शेरे तीनच ठेवा. पंचवीस ठिकाणी खुणा केल्या की विद्यार्थी शुद्धलेखन तेवढं दुरुस्त करतो आणि मूळ युक्तिवाद तसाच ठेवतो, कारण सोप्या दुरुस्त्या आधी उरकल्या जातात.

आवाजात आपुलकी पोचते. तीच दुरुस्ती लिहिली तर कोरडी वाटते, बोलली तर धीर देते. निबंधाची एकूण मांडणी, युक्तिवादाची दिशा, खचलेला विद्यार्थी, अशा वेळी दोन-तीन मिनिटांचं रेकॉर्डिंग लेखी शेऱ्यापेक्षा सरस ठरतं. बोलणं टायपिंगपेक्षा वेगानंही होतं, मात्र अडखळलं की पुन्हा पहिल्यापासून रेकॉर्ड करायची सवय लागली तर ती बचत संपते. अडखळलात तरी पुढे बोलत राहा. आवाजात जागा दाखवता येत नाही, म्हणून आधी मजकुरात १, २, ३ अशा खुणा टाका आणि ‘खूण २ पाहा’ असं म्हणा. ऐकू कमी येणाऱ्यांसाठी आणि गोंगाटात बसलेल्यांसाठी सोबत तीन ओळींचा लेखी सारांश हवाच.

स्क्रीन रेकॉर्डिंग

स्प्रेडशीट, कोड, आराखडा, भूमितीची आकृती: जिथे ‘इथे बघा’ म्हणावं लागतं, तिथे याला तोड नाही. सूत्र कुठल्या सेलपासून चुकत गेलं हे लिहून सांगायला परिच्छेद लागतो, माउस फिरवून अर्ध्या मिनिटात दिसतं. पाच मिनिटांच्या आत आवरा. फाइल जड होते, कमी डेटा असलेल्यांना अडचण होते आणि हवा तो मुद्दा शोधायला व्हिडिओ मागेपुढे करत बसावं लागतं. लिंकच्या परवानगीचा घोळ नेहमीचाच. लिंक सगळ्यांना खुली ठेवली तर एकाचं काम आणि त्यावरची टीका इतरांपर्यंत जाऊ शकते. ती फक्त त्या विद्यार्थ्याच्या खात्याला द्या आणि पाठवण्याआधी शेअरिंगची यादी एकदा बघा.

वेळेचा हिशेब आधीच मांडा. ४० विद्यार्थ्यांना दर कामामागे १० मिनिटं दिली तर ४०० मिनिटं, म्हणजे ६ तास ४० मिनिटं लागतात. एवढा वेळ नसेल तर पहिली दहा-बारा कामं वाचून सामाईक चुका काढा, त्यांवर सगळ्या वर्गासाठी एकच रेकॉर्डिंग करा आणि प्रत्येकाला फक्त त्याच्यापुरत्या दोन ओळी लिहा.

क्विझ आणि सहाध्यायी

आपोआप तपासली जाणारी क्विझ लगेच उत्तर देते. तिचा खरा उपयोग चुकीच्या पर्यायांत आहे. मूडलमध्ये (ऑनलाइन वर्ग चालवण्याची एक प्रणाली) प्रत्येक पर्यायाला वेगळा अभिप्राय जोडता येतो. तो पर्याय बरोबर का वाटला असेल ते तिथे लिहा. सूचना वाचून पुन्हा प्रयत्न करू देणारी सेटिंगही आहे, सरावासाठी तीच निवडा. युक्तिवाद मात्र क्विझने तपासला जात नाही.

एकमेकांचं काम तपासायला द्यायचं तर आधी सगळ्यांकडून एकच नमुना तपासून घ्या आणि प्रत्येक कामाला किमान तीन तपासनीस ठेवा, कारण एखादा हमखास गळतो. मूडलच्या ‘वर्कशॉप’ या एकमेकांचं काम तपासण्याच्या सोयीत लिहिण्याचे आणि तपासण्याचे गुण वेगळे मिळतात, हे चांगलं आहे. अंतिम गुणांचा मोठा वाटा यावर ठेवू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

गुण कधी दाखवायचे

शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ रूथ बटलर यांच्या १९८८ च्या अभ्यासात फक्त शेरे मिळालेल्या मुलांची कामगिरी आणि गोडी टिकून राहिली. शेऱ्यासोबत गुणही दिले तेव्हा तो फायदा दिसला नाही. आकडा दिसला की नजर तिथेच थांबते. पहिल्या मसुद्याला गुण देऊ नका. गूगल क्लासरूममध्ये गुणांचा रकाना रिकामा ठेवून काम परत पाठवता येतं. निकषांचा तक्ता मात्र काम देतानाच द्या. चार-पाच निकष पुरेत, आणि ‘उत्तम’, ‘बरा’ असं लिहिण्यापेक्षा ‘प्रत्येक दाव्याला आकडा किंवा उदाहरण आहे’ असं तपासता येईल ते लिहा.

निबंध किंवा प्रकल्प असेल तर आमची निवड: पहिल्या मसुद्यावर तीन लेखी शेरे आणि दोन मिनिटांचा आवाज, गुण दुसऱ्या मसुद्याला. सुधारित कामाच्या वर विद्यार्थ्याने तीन ओळी लिहायच्या: काय बदललं, कुठला शेरा मानला नाही आणि का. या ओळी नसतील तर काम न तपासता परत पाठवा.