दात दाखवून अवलक्षण

आधी हिशेब. आजपर्यंत ४७,६०३ रुपये गेलेत आणि ३६,६६३ अजून जायचेत. बदल्यात घरात अलाइनरच्या, म्हणजे दात सरळ करायला दातांवर चढवायच्या प्लास्टिकच्या साच्यांच्या, चौदा जोड्या आहेत आणि तोंडात अशा दाढा आहेत, ज्या एकमेकींना टेकत नाहीत.

मी हिशेबाची कामं करते. लोकांची रिटर्न्स भरते, त्यांच्या कर्जाचे कागद वाचते, 'सही करायच्या आधी शेवटचं पान बघा' असं वर्षाला शंभर जणांना ऐकवते. त्यामुळे हे लिहिताना मला काय वाटतंय ते सांगत बसत नाही. गेले तीन महिने नवऱ्याशिवाय कुणाला बोलले नव्हते.

खालचे पुढचे दात पहिल्यापासून वेडेवाकडे, एक सुळा फिरलेला. दहावीत असताना डॉक्टरांनी तारा लावायला सांगितल्या होत्या, पण तेव्हा घरात त्यापेक्षा महत्त्वाचे खर्च होते. चौतिसाव्या वर्षी हातात स्वतःचे पैसे आले, वाटलं करून घ्यावं. याला नटवेपणा म्हणायचं असेल तर म्हणा. चाळीस दिवस एकच जाहिरात फोनवर पाठलाग करत होती: तारा नाहीत, दुखत नाही, कुणाला कळत नाही, घरी येऊन स्कॅन ४९९ रुपयांत, तेही नंतर वळते होणार. (झाले नाहीत.)

पुढचं तुम्हाला पाठ असेलच. मूळ किंमत १,१०,०००, पण फक्त आज ७९,९९२. नो कॉस्ट ईएमआय, ३,३३३ चे चोवीस हप्ते. 'आज'चा दिवस त्यांच्याकडे रोज असतो हेही मला माहीत होतं. माहीत असून माणूस फसतो.

रविवारी दुपारी एक मुलगी आली. चुणचुणीत, नम्र, पायातल्या चपला दाराबाहेर नीट जोडीने ठेवणारी. तिने तोंडात ती स्कॅनरची कांडी फिरवली आणि दहा मिनिटांत लॅपटॉपवर माझे दात उभे राहिले. मग एक बटण दाबलं आणि ते सरकत सरकत ओळीत आले. दहा सेकंदांचा खेळ. शेवटी जे चित्र थांबलं, ते बघताना मी नकळत ओठ मिटून घेतले होते. तिथेच माझा निकाल लागला.

ती म्हणाली, "मॅम, प्लॅन लॉक करायला एक ओटीपी येईल, तेवढा सांगा."

मेसेज आला. मी वाचला. नुसते सहा आकडे नव्हे, पूर्ण मेसेज वाचला. त्यात 'लोन अॅग्रीमेंट' हे दोन शब्द होते आणि पुढे ७९,९९२ ही रक्कम होती. मी विचारलंसुद्धा, "लोन का लिहिलंय?" ती हसली. "सिस्टीममध्ये तसंच येतं मॅम, ईएमआय आहे ना." आणि मी, जी दुसऱ्याच्या कागदातला एक रुपयाचा फरक शोधते, तिने ते सहा आकडे मोठ्याने वाचून दाखवले. आवाजात जरा घाईच होती, कारण स्क्रीनवर ते सरळ दात अजून तसेच हसत होते.

हा क्षण मी किमान दोनशे वेळा पुन्हा जगले असेन. रात्री कुशीवर वळले की तो मेसेज दिसतो.

म्हणजे काय झालं, तर मी कंपनीला हप्ते देत नव्हते. एका फायनान्स कंपनीने माझ्या नावावर कर्ज काढून पैसे एकदम अलाइनरवाल्यांच्या खात्यात टाकले आणि माझ्या बँकेवर दर महिन्याच्या पाच तारखेचं मॅन्डेट, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी, बसवलं. त्या दिवसापासून अलाइनरवाल्यांना माझ्याकडून काहीही घ्यायचं उरलं नव्हतं. पैसे मिळालेला माणूस काम किती जोरात करतो हे आपण घराला रंग देताना शिकलेलोच असतो. कर्जाच्या कागदावर प्रत्यक्ष वळती केलेली रक्कम होती ६९,८००. उरलेले दहा हजार एकशे ब्याण्णव म्हणजे व्याज, जे किमतीत आधीच मिसळलं होतं. वर १,१७९ प्रोसेसिंग फी. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच लिहून ठेवलंय. हे मी क्लायंटना सांगत आले आहे. ऐका: रोख देते म्हटल्यावर किती कमी करणार हे आधी विचारा. जो आकडा सांगतील, ती खरी किंमत.

ऑनलाइन कर्जात सुरुवातीला एक मुदत असते, तेवढ्यात मुद्दल आणि तितक्या दिवसांचं व्याज देऊन दंडाशिवाय बाहेर पडता येतं. माझ्या कागदावर ती तीन दिवसांची होती. जोड्यांचा पहिला खोका आला पाच आठवड्यांनी.

आता दुसरी गोष्ट, जिचा राग पैशापेक्षा जास्त आहे. माझा एकही एक्स-रे काढला गेला नाही. दात सरकतो म्हणजे मूळ हाडातून सरकतं. मूळ कसं आहे, भोवती हाड किती आहे, हिरड्या धड आहेत का, हे कांडीने दिसत नाही, त्याला एक्स-रे लागतो. माझ्या एका दाढेचं रूट कॅनाल झालंय, वर कॅप आहे. कुणी विचारलं नाही. उलट अॅपमध्ये टिक करायच्या चौकटींत एक ओळ होती: मागच्या सहा महिन्यांत माझ्या दंतवैद्याने मला तपासलं आहे आणि मला हिरड्यांचा आजार नाही. मी टिक केलं. सगळे करतात. नंतर प्रत्येक तक्रारीला त्यांनी तीच टिक माझ्या तोंडावर मारली.

एकूण २६ जोड्या, प्रत्येकी चौदा दिवस, रोज बावीस तास. मी बावीस तास घातल्या. हे मुद्दाम सांगते, कारण 'तुम्हीच नीट घातल्या नसतील' हे ऐकून कान किटलेत. लग्नकार्यात जेवून उठले की पहिली बेसिनकडे पळायचे. सहाव्या जोडीपासून तो फिरलेला सुळा प्लास्टिकमध्ये बसेना. टोकाशी नखभर पोकळी दिसायची. फोटो पाठवला. उत्तर आलं, 'छान प्रगती! च्युई चावत राहा.' (च्युई म्हणजे जोडी घट्ट बसावी म्हणून चावायची मऊ गुंडाळी.) सातव्या जोडीला पोकळी वाढली. तेच उत्तर, तोच हसरा चेहरा. एक जोडी दात साधारण पाव मिलिमीटर हलवते, तेही ती घट्ट बसली तर. बसत नसेल तर पुढच्या जोडीवर जायचंच नसतं. शिवाय फिरलेल्या सुळ्याला वळवायला दातावर दाताच्याच रंगाचे बारीक ठिपके चिकटवावे लागतात, त्यांना धरून प्लास्टिक जोर लावतं. माझ्या एकाही दाताला ठिपका नव्हता. घरपोच खोक्यातून ठिपका कोण चिकटवणार?

आठ जोड्या नोव्हेंबरात संपल्या. पुढच्या सहा जानेवारीत उगवल्या, तोवर आठवीच घालून बसले होते. चौदावी एप्रिलमध्ये संपली आणि त्यानंतर काही आलं नाही. चॅटवर आधी 'लॅबमध्ये विलंब', मग एकच टिक. फोन आधी उचलत नव्हते, मग लागेनासा झाला.

मेमध्ये शेवटी एका ऑर्थोडॉन्टिस्टकडे गेले, म्हणजे बीडीएसच्या पुढे तीन वर्षं याच विषयात एमडीएस केलेल्या बाईंकडे. त्यांनी दाढांमध्ये निळ्या कागदाची पट्टी ठेवली, म्हणाल्या चावा. मी जीव खाऊन चावलं. त्यांनी दोन बोटांनी पट्टी अलगद ओढून काढली आणि माझ्यासमोर धरली. एकही ठसा नव्हता. दोन्ही बाजूंना तेच. एक्स-रेमध्ये खालच्या पुढच्या दातांभोवतीचं हाड कमी झालेलं. त्यांच्या मते ते आधीपासूनच कमी असणार, आधी हिरड्यांवर उपचार करून मगच दाताला हात लावायला हवा होता. एक दात हलतोय. त्या रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

अलाइनर ही काही भानगड नाही. योग्य तोंडात, योग्य हातांखाली त्याने काम होतं. भानगड आहे ती डॉक्टर वजा करून विकण्यात. ज्याने तुमच्या तोंडात बोट घातलेलं नाही, त्याला दात हलवायला देऊ नका. उपचार करणाऱ्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक पैसे देण्याआधी लेखी घ्या. माझ्या ट्रीटमेंट प्लॅनखाली एक गिचमिड सही आहे, नाव नाही.

आणि आता सरकारदरबार. पोलीस चौकीत हवालदारांनी अर्ज शेवटपर्यंत वाचला, मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, माल तर आलाय ना? अर्धा आलाय म्हणजे फसवणूक नाही, सिव्हिल मॅटर." मी म्हटलं, अर्ध्या दाढेने चावून दाखवू का? पोच मिळायला तीन फेऱ्या. ग्राहकांच्या तक्रार पोर्टलवर नंबर मिळाला, एकवीस दिवसांनी मेसेज आला: कंपनीने प्रतिसाद दिला नाही, सबब तक्रार बंद. प्रतिसाद दिला नाही म्हणूनच तर आले होते ना बाबा तुमच्याकडे! दंतवैद्यांची नोंदणी ठेवणाऱ्या कार्यालयाने सांगितलं की कारवाई डॉक्टरवर होते, कंपनीवर नाही, तेव्हा डॉक्टरचं नाव द्या. नाव कंपनीकडे. कंपनी गायब. फायनान्सवाल्यांनी एकच वाक्य अकरा वेळा ऐकवलं: "आम्ही फक्त फंडिंग करतो, सर्व्हिसशी आमचा संबंध नाही." पैसे अलाइनरवाल्यांच्या खात्यात थेट टाकताना संबंध होता, तेव्हा मला विचारलंही नव्हतं. त्यांच्या वरच्या यंत्रणेकडे गेले तर आधी तीस दिवस थांबा म्हणाले, थांबले, मग तक्रार 'कक्षेत बसत नाही'. प्रत्येक ठिकाणी तोच फॉर्म, तेच आधार कार्ड, तीच पीडीएफ दोन एमबीच्या आत. सगळे सभ्य आहेत. कुणीही काहीही करत नाही.

अमेरिकेत स्माइलडायरेक्टक्लब ही घरपोच अलाइनर विकणारी मोठी कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद झाली, तेव्हा तिथल्या हप्तेवाल्या ग्राहकांनाही हप्ते भरत राहायला सांगितलं होतं. हे मी आता वाचलं. आधी वाचायला हवं होतं, हो.

मीही चिडून मे आणि जूनचे हप्ते बाउन्स होऊ दिले. करू नका. बँकेचे ५९० दोनदा, फायनान्सचे ७०८ दोनदा आणि सिबिल ७८२ वरून ६९१. आमच्या घराच्या कर्जाचा अर्ज त्याच महिन्यात होता. जुलैत तिन्ही हप्ते एकदम भरले, मान खाली घालून. सेवा बंद पडल्याचं फायनान्स कंपनीला पहिल्याच आठवड्यात ईमेलने कळवा, फोनवर बोललेलं हवेत जातं. चॅटचे स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा. माझं अर्धं चॅट अॅपच्या अपडेटमध्ये उडालं.

जिल्हा ग्राहक आयोगात मात्र जा. पाच लाखांपर्यंत फी नाही, वकील लागलाच पाहिजे असं नाही, दोन वर्षांची मुदत आहे. कंपनी आणि फायनान्स दोघांनाही पक्षकार करा. मी आधी रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली होती. कंपनीचं पाकीट परत आलं, वर पोस्टमनने निळ्या पेनाने लिहिलंय, 'पत्ता सोडून गेले'. ते पाकीट न फोडता फाइलला लावलंय.

अॅप मात्र अजून चालतं. काल रात्री नोटिफिकेशन आलं: तुमचं हास्य ५४ टक्के पूर्ण झालंय, चौदावी जोडी घालायला विसरू नका. घातली होती. नवीन बाईंनी सांगितलंय, उपचार सुरू होईपर्यंत रात्री तीच घाला, नाहीतर दात मागे पळतील. उद्या पाच तारीख आहे. खात्यात ३,३३३ ठेवलेत.