थायरॉइड काढल्यावरचा थकवा: गोळी कमी पडतेय की कॉर्टिसॉल?

ऑपरेशन होऊन दोन महिने झाले, तरी जिना चढताना पाय ओढावे लागतात. लगेच कुणीतरी सुचवतं, 'तुझ्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी थकल्यात.' थायरॉइड काढल्याने मूत्रपिंडांवरच्या, कॉर्टिसॉल हे हार्मोन बनवणाऱ्या या ग्रंथींना इजा होत नाही. 'अ‍ॅड्रिनल फटीग' हे निदान हार्मोनतज्ज्ञ मानत नाहीत. त्या नावाने विकली जाणारी पावडर तर घेऊच नका.

बहुतेकांचा दोष थायरॉक्सिनच्या, म्हणजे थायरॉइड हार्मोनच्या गोळीच्या, मात्रेतच निघतो. ती कमी पडली की वजन वाढतं, पोट साफ होत नाही, पंखा नको वाटतो, कातडी कोरडी पडते. मात्रा बदलली की टीएसएच, म्हणजे मात्रा पुरते का हे सांगणारं रक्तातलं हार्मोन, ६ ते ८ आठवड्यांनीच तपासायचं, आधी आकडा स्थिरावत नाही. आणि खरं सांगा, गोळी चहाबरोबर घेता ना? ती उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची, चहा अर्ध्या-एक तासाने. कॅल्शियमची गोळी तर चार तास लांब.

खरी अ‍ॅड्रिनलची कमतरता, म्हणजे अ‍ॅडिसन, विरळा. पण तिची चाल उलटी: वजन घटतं, मळमळतं, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, मीठ खावंसं वाटतं. तळहाताच्या रेषा आणि हिरड्या काळवंडतात. हाशिमोटो (प्रतिकारशक्तीच थायरॉइडवर हल्ला करते तो आजार) असलेल्यांमध्ये ती थोडी जास्त आढळते. तपासणी सकाळी आठच्या सुमारास, रक्तातल्या कॉर्टिसॉलची.

इथे गोंधळ महागात पडतो. कॉर्टिसॉल कमी असताना थायरॉक्सिन वाढवलं, तर उरलेलं कॉर्टिसॉल आणखी झपाट्याने संपतं आणि रुग्ण कोसळू शकतो. म्हणून शंका असेल तर आधी कॉर्टिसॉल, मग मात्रा. गोळी मात्र स्वतःहून थांबवायची नाही.